नवऱ्यांनाही आत बोलवा

महोदय,

मी अंबडच्या एमआयडीसीत सीएनसी मशीनवर काम करतो, राहायला सिडकोत. यंदा 4 मार्चला कंपनीत राष्ट्रीय सुरक्षा दिन झाला. आग विझवायचा सिलिंडर कसा धरायचा, पिन कशी ओढायची, झोत ज्वाळेवर नाही तर बुडाशी मारायचा, हे एकेकाकडून करून घेतलं. अकरा वर्षांत आमच्या शॉपमध्ये आग एकदाही लागलेली नाही. त्याच महिन्यात घरी जे झालं, त्याचं मात्र मला कोणी काही शिकवलं नव्हतं.

बायकोला आठवा महिना होता. माहेर कळवणकडचं, पण तिकडे कांदा काढणी चाललेली, म्हणून पहिलं बाळंतपण असूनही इथेच करायचं ठरलं. एका रात्री तिचं डोकं ठणकायला लागलं. डोळ्यांपुढे काजवे चमकतात म्हणाली. पाय सुजतातच, हे आम्ही धरूनच चाललो होतो. पण त्या आठवड्यात तोंडही सुजलं होतं आणि बांगड्या रुतत होत्या. आई म्हणाली, पित्त असेल. सुंठ उगाळून लेप लावला. सकाळी सातची शिफ्ट, म्हणून मी झोपलो. लिहितानाही लाज वाटते. पहाटे उलटी झाली तेव्हा रिक्षा करून नेलं. बीपी 160/110. डॉक्टर बाई म्हणाल्या, "फिट आली असती तर? रात्रीच का नाही आणलं?"

याचं उत्तर माझ्या कपाटात होतं. माता-बाल संरक्षण कार्ड मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, आधार कार्डांच्या खाली जपून ठेवलं होतं. त्यात धोक्याची लक्षणं चित्रांसकट छापलेली आहेत. जोराची डोकेदुखी, अंधुक दिसणं, अंगावर सूज. सगळं मराठीत. मशीनचं मॅन्युअल इंग्रजीत असून मी पाठ केलंय, आणि हे उघडलंसुद्धा नव्हतं.

तपासणीला मी जात नव्हतो असं नाही. पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानात 2016 पासून दर महिन्याच्या 9 तारखेला गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. त्यासाठी मी शिफ्ट बदलून घ्यायचो. पण नाव पुकारलं की "पुरुष बाहेर थांबा." बाकड्यावर आम्ही आठ-दहा जण मोबाईल बघत बसायचो. आत गर्दी इतकी, की सांगितलेलं निम्मं ती बाहेर येईपर्यंत विसरायची. लोहाच्या गोळ्यांनी शौचाला काळं होतं म्हणून घाबरून तिने त्या पंधरा दिवस बंदच केल्या. शेवटी आमच्या भागातल्या आशाताईंनी ओट्यावर बसून समजावलं : काळं होणारच, घाबरू नकोस; गोळी चहाबरोबर घेऊ नकोस, लिंबू-पाण्याबरोबर घे; कॅल्शियमची वेगळ्या वेळी. पाच मिनिटं लागली. आईही ऐकत होती, म्हणून घरात दुपारचा चहासुद्धा पुढे सरकला.

गर्भसंस्काराच्या एका क्लासलाही आम्ही दोन रविवार गेलो. श्लोक, संगीत, छान वाटलं. पण बीपीबद्दल तिथे अवाक्षर नाही.

माझं मागणं साधं आहे. महापालिकेच्या दवाखान्यांत महिन्यातून एका रविवारी तासभर नवऱ्यांना आणि सासवांना बसवा. रात्री-अपरात्री निर्णय आम्हीच घेतो, बाईला विचारतं कोण? लक्षणं सांगा, 102 वर फोन केला की गरोदर बाईला सरकारी दवाखान्यात न्यायला मोफत गाडी मिळते तेही सांगा. कंपन्यांनीही मनावर घ्यावं. शिफ्ट सुरू होण्याआधी दहा मिनिटं सुरक्षेवर बोलतातच; वर्षातून दोनदा तिथे आशाताईंना उभं करा. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना बाप झाल्यावर 15 दिवस रजा मिळते. मला तीन दिवस मिळाले, तेही बिनपगारी. पण तो वेगळ्या पत्राचा विषय.

मुलगी महिनाभर आधी झाली, आता नऊ महिन्यांची होतेय. कार्ड बरेच दिवस फ्रिजवर चिकटवलेलं होतं. वरच्या मजल्यावरच्या पोराच्या बायकोला सातवा लागलाय, तो वाचायला घेऊन गेला. गोवर-रुबेलाच्या लशीची तारीख जवळ आलीय, आज परत मागायला जायचंय.

एक वाचक, सिडको, नाशिक