डॉक्टरपाशी काही लपवू नकोस

चि. अमेय,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू विषय बदलतोस, म्हणून लिहिते आहे. झोप नाही, वजन उतरलंय, आणि डॉक्टरकडे जा म्हटलं की "बघू". का जात नाहीस ते कळतं मला. मागे त्या दवाखान्यात तू समलिंगी असल्याचं खरं सांगितलंस, तर तपासायचं सोडून उपदेशच ऐकवला तुला. चीड आली होती मला, अजून येते.

पालिकेच्या रुग्णालयात नर्स म्हणून माझी हयात गेली. पुरुषांशी संबंध असल्याचं केसपेपरवर नको, म्हणून मुलं घसादुखी सांगायची. दुखणं भलतीकडेच असायचं. एकाचा केसपेपर वॉर्डबॉयने मोठ्याने वाचला, रांगेतले दोघे फिसकन हसले. पोरगा तसाच निघून गेला. परत आला तेव्हा टीबी पार पसरला होता. वेळेवर औषध सुरू झालं असतं तर सहा महिन्यांत बरा झाला असता रे!

ऑफिसात, सोसायटीत, लोकलमध्ये सतत जपून बोलायचं म्हणजे शरीराला उसंत कुठली? त्यातूनच झोप उडते, बीपी वाढतं, सिगरेट सुटत नाही. हे तुझ्या समलिंगी असण्यामुळे होत नाही, लोकांच्या वागण्यामुळे होतं. समलिंगी संबंध हा गुन्हा नाही, असा कलम ३७७ चा निकाल २०१८ साली लागला, पण नातेवाईकांच्या नजरा काही कोर्टाने बदलत नाहीत.

मावशी सांगते त्या 'सरळ करणाऱ्या' डॉक्टरकडे अजिबात जायचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. असले उपचार करणं हे डॉक्टरचं गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानेही २०२२ साली जाहीर केलंय.

एचआयव्हीची तपासणी सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांत फुकट होते. तुझ्या संमतीशिवाय ती करता येत नाही, रिपोर्टही गुप्त ठेवावा लागतो; २०१७ चा कायदाच आहे तसा. काही निघालंच तर औषधंही मोफत, आणि ती नियमित घेतली की माणूस पुरं आयुष्य जगतो. हेपटायटिस बीची लसही विचारून घे. रुग्णालय नकोच वाटलं तर हमसफर ट्रस्टमध्ये जा. १९९४ पासून मुंबईत समलिंगी लोकांच्या आरोग्यासाठी काम करताहेत ते, तिथे मोकळेपणी बोलता येईल.

शनिवारी मी मोकळी आहे. म्हणशील तर सोबत येते, नाहीतर समीरला घेऊन जा. पण या आठवड्यातच जा.

तुझी,
आई