ते घर काकीआजीने राखलं

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत आमच्या जुन्या घरावर लेख आलाय, फोटो सुंदर आहेत त्याबद्दल मनापासून आभार. पण वाचल्यापासून जीव नुसता तळमळतोय म्हणून हे पत्र.

पहिलं म्हणजे तो खोतांचा, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या वतनदारांचा, वाडा नाही. आम्ही त्यांची जमीन कसणारी कुळं होतो, खोती गेली ती 1949 च्या कायद्याने, आणि आमच्याकडे ती कधीच नव्हती. दुसरं, सागाचा एक खांब नाही त्या घरात. तुळया आणि वासे ऐनाचे, किंजळीचे, दारं फणसाची. फणस मुळात पिवळा असतो, वर्षं गेली की तांबूस होत जातो, लांबून साग वाटतो. हात लावून बघितलं असतं तर गावातल्या कुठल्याही सुताराने सांगितलं असतं.

पण माझा खरा राग मालकीच्या परिच्छेदावर आहे. आजोबा, मग त्यांचा भाऊ, मग पुतण्यांनी जतन केलं, झालं. मधली माझ्या वडिलांची काकी कुठे गेली? नवरा गेला तेव्हा ती विशीत होती, घर सावकाराकडे गहाण होतं, आणि तिने पाटल्या विकून ते सोडवलं. तो दस्त अजून आमच्या ट्रंकेत आहे. तेव्हा विधवेला नुसता हयातीपुरता हक्क मिळायचा, 1956 च्या हिंदू वारसा कायद्याच्या 14व्या कलमाने तिच्या ताब्यातली ती मिळकत पूर्ण तिची झाली. तुमचे लेखक सातबारा बघून आले म्हणे. अहो, सातबारा जमिनीचा असतो, गावठाणातलं घर त्यावर कशाला सापडेल? घराची नोंद ग्रामपंचायतीच्या असेसमेंटला, तीही घरपट्टीपुरती, मालकी कळायला दस्तच वाचायला लागतो आणि दस्त आमच्याकडे कुणी मागितलाच नाही.

दर मे महिन्यात शाकारणीला, म्हणजे पावसाआधी छप्पर नीट करताना, काकीआजी स्वतः शिडीच्या खाली उभी राहायची. तेव्हा घरावर मंगलोरी कौलं नव्हती, नळे म्हणजे अर्धगोल गावठी कौलं होती, माकडं नाचली की फुटायचे, आणि फुटलेला प्रत्येक नळा ती मोजून बाजूला ठेवायची. मी सातआठ वर्षांची असेन, मला माळ्यावर चढवून म्हणायची, बघ गो, कुठून उजेड येतो तो सांग. उजेड येईल तिथून पाऊस येणार. काजूच्या टरफलाचं तेल खांबांना पुसायची ते वाळवीसाठी, हात भाजायचे, सालं निघायची, तरी दुसऱ्या कुणाला करू द्यायची नाही. हे जतन नाही तर काय?

3 जून 2020 ला निसर्ग वादळात आमच्या दापोली तालुक्यात काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे. आमची कौलं उडाली, मागची कुडाची भिंत बसली, सांगाडा मात्र जागचा हलला नाही, कारण छपराचं वजन भिंतीवर नाहीच, ते तुळयांवरून खांबांवर आणि खांबाखालच्या दगडावर जातं. लाकडात लाकूड बसवून लाकडाचीच खुंटी मारलेली. पण ते खांब वाळवीने खाल्ले असते तर हे सगळं बोलायला काही उरलं नसतं.

आणि जाता जाता सांगते, लेखात गावाचं नाव छापल्यामुळे कालपासून तिघं जण दार आणि खांब विकत घ्यायला येऊन गेले, एक तर मोजपट्टी घेऊनच ओटीवर चढला. रिसॉर्टला लावायचेत म्हणे. घरात माझी ऐंशी वर्षांची आई एकटी असते. नाव छापायच्या आधी एक फोन करायला हवा होता.

खुलासा छापाल अशी आशा आहे. काकीआजीचं पूर्ण नाव वेगळ्या चिठ्ठीत लिहून दिलंय, खुलाशात ते तेवढं बरोबर छापा, अमक्याची विधवा असं नको.

आपली,
दापोली तालुक्यातली एक वाचक