कर्नाड : आधी नाटक, मग सिनेमा

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

कन्नड नाटककार गिरीश कर्नाडांच्या स्मृतिदिनाला, १० जूनला, आपल्या पुरवणीत त्यांच्यावर टिपण आलं. आठवण ठेवलीत, बरं वाटलं. पण त्याची सुरुवातच 'एक था टायगर'मधल्या रॉच्या प्रमुखापासून होते, आणि पुढे 'चित्रपटांत नाव झाल्यावर ते नाट्यलेखनाकडे वळले' असं वाक्य येतं. हे उलटं झालं. त्यांचं 'ययाति' हे नाटक छापलं गेलं १९६१ साली, 'तुघलक' १९६४ साली. पडद्यावर ते आले १९७० च्या 'संस्कार'मध्ये.

'ययाति' म्हटलं की आपल्याला खांडेकर आठवतात. ती कादंबरी १९५९ ची. कर्नाड तेव्हा धारवाडच्या कर्नाटक कॉलेजातून गणित आणि संख्याशास्त्र घेऊन नुकते बाहेर पडले होते. पुढे ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला जायचं ठरलं. डोक्यात इंग्रजी कवी व्हायचं होतं आणि निघायच्या तोंडावर हातून उतरलं ते नाटक, तेही कन्नडमध्ये. परदेशी निघालेल्या तरुणाला बापाचं म्हातारपण अंगावर घेणारा पुरूच का सुचावा, हे ज्यांची पोरं बाहेरदेशी गेलीत त्यांना सांगायला नको. आमच्या गल्लीत अशी घरं बरीच आहेत. त्या नाटकातली चित्रलेखा, पुरूची बायको, ही मात्र कर्नाडांची स्वतःची भर. नवरा एकाएकी जख्ख म्हातारा झालेला पाहून ती थेट सासऱ्यालाच जाब विचारते. तेविशीच्या आतल्या मुलाने हे लिहिलं!

मी हे एवढ्या तावातावाने लिहितोय त्याला कारण आहे. आमच्या घरात भांडण कन्नडमध्ये आणि हिशेब मराठीत चालायचा. सोलापुरातल्या आमच्या बाळीवेशीतल्या अर्ध्या घरांची हीच कथा. त्यामुळे कर्नाड मला कधी 'तिकडचे' वाटलेच नाहीत. शिवाय सोलापूरशी त्यांचा एक सरळ धागा आहे, आणि तो आपल्या टिपणात पूर्ण निसटला आहे.

कवी द. रा. बेंद्रे १९४४ ते १९५६ अशी बारा वर्षं सोलापुरात होते. इथल्या डी.ए.व्ही. कॉलेजात, म्हणजे आजच्या दयानंदमध्ये, कन्नड शिकवत होते. घरची भाषा मराठी आणि कविता कन्नडमध्ये, असा हा माणूस. सोलापूरकराला यात नवल वाटायचं कारण नाही. बेंद्र्यांना १९७३ चं ज्ञानपीठ मिळालं. त्याच सुमारास, १९७२ साली, कर्नाडांनी त्यांच्यावर माहितीपट केला. पुढे आत्मचरित्र लिहिलं तेव्हा त्याचं नावही बेंद्र्यांच्या कवितेतूनच उचललं, 'आडाडता आयुष्य'. उमा कुलकर्णींनी ते 'खेळता खेळता आयुष्य' म्हणून मराठीत आणलं आहे. मिळालं तर जरूर वाचा.

आता सिनेमाबद्दल. 'संस्कार' कन्नड लेखक अनंतमूर्तींच्या कादंबरीवरचा. पटकथा कर्नाडांची, नायक प्राणेशाचार्यही तेच. सेन्सॉरने आधी अडवला, मग त्यालाच राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. लगोलग ब. व. कारंतांबरोबर भैरप्पांच्या कादंबरीवर 'वंशवृक्ष' केला, त्याच्या दिग्दर्शनाला राष्ट्रीय पुरस्कार. मग एकट्याने 'काडू', शंकर नागला घेऊन 'ओंदानोंदु कालदल्ली', हिंदीत 'उत्सव', आणि १९९२ चा 'चेलुवी', ज्यातून आपली सोनाली कुलकर्णी पहिल्यांदा पडद्यावर आली. ('उत्सव' देखणा आहे, पण मला तो दागिन्यांच्या दुकानासारखा वाटतो. असो.)

यातलं एकही त्यांचं स्वतःचं नाटक नाही. कादंबऱ्या दुसऱ्यांच्या, नाहीतर शूद्रकाचं संस्कृत नाटक, नाहीतर लोककथा, नाहीतर खास पडद्यासाठीच लिहिलेली गोष्ट. त्यांच्या 'नागमंडल' नाटकावर सिनेमा निघाला तो नागाभरणांनी केला. हे असं का, ते मला कॉलेजात कळलं नव्हतं, पण त्याचं उत्तर तेव्हा माझ्या हातात होतं, अक्षरशः. आम्ही कर्नाडांचं 'हयवदन' खानोलकरांच्या अनुवादात बसवलं होतं आणि मी अर्धपडदा धरणाऱ्या दोघांतला एक होतो. पद्मिनी देवदत्त आणि कपिलाची मुंडकी अदलाबदल करते तेव्हा रंगमंचावर फक्त मुखवटे बदलतात. समोर बसलेली माणसं ते मुकाट मान्य करतात. एका प्रयोगाला माझा हात अवघडून पडदा खाली घसरला, मुखवटे बदलताना सगळ्यांना दिसले, तरी कुणी हसलं नाही. कॅमेऱ्यासमोर हेच करायला गेलं तर त्याची हातचलाखी होते. नाटकात काय ठेवायचं आणि पडद्यावर काय न्यायचं, हे त्या माणसाला नेमकं ठाऊक होतं असं मी समजतो. म्हणून 'अभिनेते, दिग्दर्शक व लेखक' अशी उतरंड लावली की खटकतं.

आणखी एक. 'तलेदंड' हे त्यांचं नाटक, साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेलं, बाराव्या शतकातल्या बसवण्णांच्या कल्याणमध्ये, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बसवकल्याणमध्ये, घडतं. ब्राह्मणाची मुलगी आणि चांभाराचा मुलगा यांचं लग्न ठरतं आणि नगर पेटतं. आपले सिद्धरामेश्वर त्याच काळातले, बसवण्णांबरोबरच्या त्याच शरणांच्या, म्हणजे शिवभक्तांच्या, मेळ्यातले. दर जानेवारीत त्यांच्या यात्रेत आपण संमती कट्ट्यावर कुंभारकन्येचं त्यांच्या योगदंडाशी लग्न लावतो, लाखो माणसं अक्षता टाकतात. एका लग्नाच्या अक्षता आठशेहून अधिक वर्षं पडत राहिल्या आणि कल्याणातल्या त्या दुसऱ्या लग्नाचं रक्त झालं. हे नाटक सोलापुरात मराठीत आणि कन्नडमध्ये, लागोपाठ दोन संध्याकाळी झालं तर कळेल की कर्नाड कुठून बोलत होते. दोन्ही भाषांतले नट या गावात आहेत, त्यासाठी पुण्याकडे बघायची गरज नाही.

तेव्हा विनंती दोन. वाक्याची दुरुस्ती छापावी. आणि आपल्या दैनिकाच्या शब्दाला वजन आहे, तर बेंद्र्यांवरचा तो माहितीपट मिळवून एकदा दयानंदच्या आवारात दाखवायचं मनावर घ्यावं. खुर्च्या लावायला मी येईन. पडदा मात्र दुसऱ्या कुणाला धरायला सांगा.

आपला एक जुना वाचक,
बाळीवेस, सोलापूर