मुखवटा उलटा करून बघा

क्योतो

ती. नानांस, शि. सा. नमस्कार.

तुम्ही घ्यायचा म्हणताय त्या जपानी मुखवट्याचे फोटो बघितले. दोन शिंगं, सुळे, कपाळावर आठ्या, म्हणजे ही हान्या. दुकानदार हिला भुतं हाकलणारी म्हणो, हान्या मुळात नोह या जपानी मुखवटा-नाटकातली, मत्सरापायी राक्षसीण झालेली बाई. भुतं हाकलणारा तो होसोशी: चार सोनेरी डोळे, एका हातात भाला, दुसऱ्यात ढाल. इथल्या योशिदा देवळात फेब्रुवारीच्या सुरुवातीला, सेत्सुबुन या ऋतू बदलण्याच्या सणाला, तो अजून लाल, निळ्या, पिवळ्या ओनींना, म्हणजे राक्षसांना, पिटाळतो. गंमत म्हणजे हेइआन काळ (794 ते 1185) सरता सरता लोक त्यालाच भूत समजून हाकलायला लागले! तोंडच तसं.

आता घ्यायचं म्हणाल तर समोरून भुलू नका, उलटा करा. लाकूड बहुधा हिनोकी, म्हणजे जपानी सायप्रस, म्हणून हाताला हलका लागतो. जड वाटला आणि कडेला साच्याची रेघ दिसली तर रेझिन समजा. आत पटाशीचे घाव दिसायला हवेत. कपाळ टेकतं तिथे, हनुवटीशी आणि दोरीच्या भोकांच्या कडांना घामाची, हातांची झीज हवी. सगळीकडे सारखाच काळपटपणा असेल तर तो मुद्दाम आणलेला. मागे 'तेनकाइची' (जगात पहिला) असा कारागिराचा शिक्का असला तरी हुरळू नका. ती पदवी लावायला 1682 मध्ये बंदी आली, तेव्हा 1750 च्या म्हणून विकलेल्या मुखवट्यावर ती दिसली तर शंका घ्या. खोटे शिक्केही पुष्कळ.

चेहऱ्याचा पांढरा लेप म्हणजे गोफुन: शिंपल्यांची पूड, नीकावा या जनावरी सरसात कालवून थरावर थर दिलेली. सरस पाण्याने सुटतो, म्हणून ओलं फडकं अजिबात नको. मऊ, कोरडा ब्रश, तोही लेप सुटत नसेल तिथेच. हवा दमट-कोरडी झाली की लाकूड फुगतं-आकसतं, लेपाला ते जमत नाही आणि नाकाच्या शेंड्यापासून, शिंगांच्या बुडापासून पोपडे निघतात. वेंगुर्ल्याच्या पावसाळ्यात प्लास्टिकमध्ये बांधलात तर बुरशी ठरलेली. सुती कापडात गुंडाळून लाकडी पेटीत ठेवा, पेटी भिंतीला टेकवू नका. उचलताना बोटं दोरीच्या भोकांपाशी, चेहऱ्याला हात नाही. खाली ताजी, फिकट भुकटी पडलेली दिसली तर कीड जिवंत आहे. तसला घेऊच नका.

जपानमधून जुनी वस्तू बाहेर काढताना ती राष्ट्रीय ठेवा नसल्याचा दाखला इथलं संस्कृती खातं देतं. दुकानदाराकडे आहे का विचारा. नसला म्हणून माल खोटाच, असं नाही.

मागच्या बाजूचे फोटो तिरप्या उजेडात काढून पाठवा, दराचं मग बोलू. काकूंना नमस्कार.

तुमचा,
अभय