पिकायची वाट बघू नका

ती. बाबा आणि आई,
सा. न.

आई, हे पत्र मोठ्यानं वाच. फोनवर बाबांच्या डोळ्यांचा विषय काढला की बाबा "हो हो, बघू" म्हणतात आणि फोन तुझ्या हातात देतात, म्हणून लिहायला बसले. अक्षर मोठं काढलंय आणि पेनही जाड घेतलंय. बाबा, मनात आलं तर तुम्हीही वाचा, भिंगासकट.

डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो दादानं पाठवला. वरच्या ओळीत लिहिलंय, मोतीबिंदू कच्चा आहे. खालच्या ओळीत लिहिलंय, पडद्याच्या डॉक्टरांना दाखवा, ओसीटी (म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा स्कॅन) करा, मॅक्युलाची (पडद्याच्या मधल्या भागाची) शंका. घरात फक्त वरची ओळ पोहोचली. कच्चा आहे ना, मग पिकू दे, लग्नसराई उरकली की बघू. अहो, हल्ली मोतीबिंदूसुद्धा कुणी पिकेपर्यंत ठेवत नाही. आणि तुम्हाला ओळी वाकड्या दिसतात त्या मोतीबिंदूमुळे नाहीतच. मोतीबिंदूनं धुरकट दिसतं. सरळ ओळ वाकडी दिसायला लागली की पडद्याकडे बघायचं असतं.

दिवाळीत मुक्तिधाम मंदिरात गेलो होतो, आठवतंय? भिंतीवरच्या गीतेच्या अध्यायापाशी थांबून तुम्ही म्हणालात, "ही ओळ बघ कशी वाकडी नेलीय." ओळ सरळ होती. पण तुमचा सूर इतका ठाम, की आई "असेल" म्हणून पुढे गेली. प्रेसमध्ये नोटांच्या शीटवरचा केसाएवढा दोष पकडण्यात जन्म गेलेल्या माणसाला कोण सांगणार, की दोष भिंतीत नाही म्हणून! पाठोपाठ रिक्षावाल्याला शंभराची म्हणून पाचशेची नोट गेली. तो भला माणूस, परत दिली.

आता जे मला समजलंय ते सांगते. मॅक्युला म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा मधला जेमतेम साडेपाच मिलिमीटरचा भाग. वाचणं, सुईत दोरा ओवणं, समोरच्याचा चेहरा ओळखणं, सगळं त्याच्यावर. वयानुसार तो झिजतो. बहुतेकांचा आजार कोरडा असतो आणि सावकाश, वर्षानुवर्षं चालतो. थोड्यांच्या पडद्याखाली नको त्या नव्या रक्तवाहिन्या उगवतात, त्या झिरपतात आणि पावसाळ्यात भिंतीचा पोपडा सुटावा तसा पडदा फुगतो. हा ओला प्रकार. यात आठवड्यांत नजर जाऊ शकते, पण उपचार आहे, आणि तो जितका लवकर तितकी नजर जास्त वाचते. तुमचा कोरडा आहे, ओला आहे, की शुगरमुळे मॅक्युलाला सूज आलीय, हे ना मला सांगता येईल ना चष्मेवाल्याला. ते ओसीटी सांगेल. त्यात सुई नाही, दुखणं नाही. हनुवटी टेकवायची, ठिपक्याकडे बघायचं, काही मिनिटांत पडद्याच्या थरांचा फोटो तयार.

डोळ्यात इंजेक्शन देतात हे शेजारच्या काकांनी रंगवून सांगितलंय, ते आईकडून कळलं. देतात, ओल्या प्रकारात. आधी थेंब टाकून डोळा बधिर करतात, सुई बारीक असते आणि बाजूच्या पांढऱ्या भागातून जाते. सुरुवातीला साधारण महिन्याला एक, मग नजर बघून अंतर वाढवतात. गेलेलं सगळं परत येईल असं नाही, पण आहे ते राखता येतं, काहींचं थोडं सुधारतंही. गरज पडलीच तर मी येईन. खर्चाचं दादा आणि मी बघतो, त्यावर चर्चा नको.

तपासणी होईपर्यंत एक काम तुमच्या आवडीचं. सोबत चौकटींचा कागद पाठवलाय, मध्ये काळा ठिपका आहे. फ्रिजच्या दारावर लावा. रोज सकाळी जवळचा चष्मा लावून, फूटभर अंतरावरून, एक डोळा झाकून ठिपक्याकडे बघायचं. मग दुसरा. दोन्ही डोळे उघडे ठेवून बघू नका, चांगला डोळा दुसऱ्याचे दोष झाकतो. एवढे दिवस तेच चाललंय. जिथे रेघ वाकते किंवा गायब होते तिथे पेन्सिलनं खूण करून तारीख टाका. आदल्या दिवशीपेक्षा वेगळं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. पण कागदावर सगळं ठीक दिसलं म्हणून ओसीटी रद्द करायची नाही, आधीच सांगून ठेवते.

आई, तुझा गाजराचा रस चालू दे. पण ते औषध नव्हे. मेडिकलवाल्यानं दिलेल्या डोळ्यांच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना दाखवल्याशिवाय सुरू करू नकोस. ल्युटिन, झिंक वगैरेंचं ठरावीक मिश्रण मधल्या टप्प्यातल्या आजारात उपयोगी पडतं, आजार पुढे जायचा धोका पाच वर्षांत साधारण पाव हिश्श्यानं कमी होतो. सुरुवातीच्या टप्प्यात किंवा नुसत्या शंकेवर घेऊन फायदा नाही. शिवाय बीटा-कॅरोटीनच्या मोठ्या डोसच्या गोळीनं सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढलेला दिसलाय. बाबा, हे वाक्य आई तुमच्याकडे बघत वाचेल. गच्चीवर टाकीमागे काय चालतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. या आजारात आपल्या हातात असलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे सिगारेट सोडणं.

आणखी एक, जे मला फार दिवस बोलायचं होतं. सिन्नरच्या आजीला शेवटी शेवटी अंगणात बायका फेर धरताना दिसायच्या. लागिर झालं म्हणून अंगारा लावला, मग म्हातारचळ म्हणून सोडून दिलं. नजर बरीच गेली की धड डोक्याच्या माणसालाही अशी चित्रं दिसू शकतात. शार्ल बोने नावाच्या स्विस माणसानं आपल्या आजोबांच्या बाबतीत हे 1760 मध्ये लिहून ठेवलंय, त्याच्याच नावानं ते ओळखलं जातं. आजीलाही मॅक्युलाचंच असेल असं मला वाटतं. हा आजार घराण्यात असला की धोका वाढतो, तेव्हा डॉक्टरांना आजीचं जरूर सांगा. आणि बाबा, तुम्हाला कधी असं काही दिसलंच तर लपवू नका, कुणी वेडा म्हणणार नाही.

आई, आता तुझ्याशी भांडण. दादा म्हणाला, तू त्यांना चहासुद्धा करू देत नाहीस. या आजारात बाजूची नजर राहते, त्यांना घरात वावरता येतं. त्यांना बसवून ठेवू नकोस. ओट्यावर आणि त्यांच्या खुर्चीमागे चांगला दिवा लाव, जिन्याच्या कडांना पिवळी पट्टी मार, गोळ्यांच्या डब्यांवर मार्करनं मोठी अक्षरं काढ. दूधभात स्टीलच्या ताटलीऐवजी गडद रंगाच्या ताटलीत वाढ. नोटांचं मी त्यांना काय शिकवू? पाचशेच्या कडेला पाच उठावदार तिरप्या रेघा, शंभराला चार, दोनशेला चार रेघा आणि दोन गोळे. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठीच त्या केल्यात. आजपासून नोट बोटांनी ओळखायची.

अ‍ॅक्टिव्हा मात्र ओसीटी होईपर्यंत बंद. सिंहस्थाच्या कामांनी जेल रोडचं काय झालंय ते चांगल्या डोळ्यांनाही पुरत नाही.

गुरुवारी साडेदहाची वेळ घेतलीय. बाहुली मोठी करायचे थेंब घालतील, काही तास धूसर दिसेल आणि उजेड टोचेल, म्हणून रिक्षानंच जा, टोपी आणि गॉगल घ्या. शुगरचे रिपोर्ट आणि जुना चष्मा पिशवीत टाका. दादा बिटको चौकात नऊला भेटेल.

तुमची,
मनू