एनिसटायमन (आयर्लंड) इथून, रात्री साडेनऊच्या उजेडात

चि. अमेय,

अरे खोलीत रेंज फक्त खिडकीपाशी येते, फोन सारखा कट होतोय म्हणून टाइपच करतेय, मोठं झालं तर उद्या ऑफिसात चहाच्या वेळेला वाच. आम्ही ठीक आहोत, बाबांनी गोळ्या घेतल्या आणि झोपलेसुद्धा. साडेनऊ वाजलेत आणि बाहेर आपल्याकडच्या सहासारखा उजेड! मूर्तिजापूरला मे महिन्यात सूर्य कधी एकदा बुडतो म्हणून वाट बघत बसतो आपण, इथे बुडायचं नावच घेत नाही आणि तापतही नाही, तीन दिवस स्वेटर अंगातच आहे. सकाळपासून भुरभुर चालू होती तर घरमालकीण बाई म्हणे 'सॉफ्ट डे'. पाऊस म्हणायचंच नाही त्याला!

गाव एवढंसं आहे. एक मोठा रस्ता, दोन्हीकडे रंगीबेरंगी दुकानं, पाट्या जुन्या हाताने रंगवलेल्या, आणि दुकानांच्या मागे जाऊन बघितलं तर चक्क धबधबा, म्हणजे उंच नाही, नदी पायऱ्या उतरल्यासारखी खडकांवरून घसरत येते आणि सात कमानींच्या पुलाखालून जाते. बाबांना पुलापेक्षा स्टेशनात इंटरेस्ट. इथे वेस्ट क्लेअर रेल्वे होती, नॅरोगेज, १८८७ ला सुरू झाली आणि १९६१ ला बंद पडली. झालं, मग काय, बाई चहा ओततायत आणि हे त्यांना आपली शकुंतला रेल्वे समजावून सांगतायत, गेज किती आणि गाडी किती हळू जायची ते. त्या बिचाऱ्या प्रत्येक वाक्याला 'ग्रँड, ग्रँड'. महाराष्ट्रातले म्हटल्यावर त्यांना एकदम वराडकर आठवले, तुमच्याकडचेच ना म्हणे आमचे माजी पंतप्रधान. बाबांनी मान डोलावली, वराडकरांच्या वडिलांचं गाव मालवणकडचं, आपण कुठले, पण म्हटलं जाऊ दे, थोडा भाव खाऊन घेऊ.

काल बरेन बघितलं. तू फोटो पाठवले होतेस तेव्हा मला वाटलं होतं काय बघायचंय त्या दगडांत. पण अरे, डोंगरच्या डोंगर राखाडी चुनखडीचे, माती नाहीच, आणि खाली वाकून बघितलं तर दगडांच्या फटीफटींत फुलं, एक तर इतकं निळं, जेन्शियन म्हणतात, पैठणीतसुद्धा असा निळा मी बघितला नाही. बाईंच्या मिस्टरांची गुरं आहेत. ते सांगत होते की इथे गुरं हिवाळ्यात वर डोंगरावर चरायला सोडतात आणि उन्हाळ्यात खाली आणतात. बाबा म्हणाले उलटं सांगताय तुम्ही. तर नाही, तसंच आहे, दगड उन्हाची ऊब धरून ठेवतो, वर चिखल होत नाही आणि उन्हाळ्यात वर पाणी आटतं म्हणून खाली आणावीच लागतात. हिवाळ्यात गुरांनी गवत खाऊन टाकलं की वसंतात फुलांना जागा मिळते. बाबा अर्धा तास त्यांच्याशी गायींवर बोलले, कोणाचं इंग्रजी कोणाला किती कळलं देव जाणे. पोलनाब्रोनपण बघितलं, उभ्या शिळांवर आडवी शिळा ठेवलेलं थडगं, पाच हजार वर्षांहून जुनं.

आता आजचं सांगते, त्यासाठीच खरं तर लिहायला बसले.

लाहिंचला समुद्रावर गेलो होतो. परत यायला स्टॉपवर शहाण्यासारखे बसून राहिलो आणि बस समोरून भुर्रकन निघून गेली! एक आजोबा म्हणाले अहो हात करायचा असतो. 'हात दाखवा एसटी थांबवा' वाचत आयुष्य गेलं आणि इथे येऊन विसरलो. पुढच्या बसला खूप वेळ होता म्हणून चालत निघालो, चारेक किलोमीटर असेल, रागावू नकोस, बाबांनीच हट्ट केला. गाडीवाला प्रत्येक जण स्टिअरिंगवरून एक बोट वर करून नमस्कार करतो, बाबा प्रत्येकाला पूर्ण हात हलवत होते.

गावाच्या थोडं अलीकडे रस्त्याच्या कडेला एक स्मारक लागलं. एका बाजूला बंद दार आणि दारासमोर उभं एक लहान पोर, दुसरीकडे बाईचा चेहरा आणि आवळलेल्या मुठी. दुष्काळाचं. १८४५ ला बटाट्यावर रोग पडला आणि पुढच्या काही वर्षांत दहा लाख माणसं मेली, त्याहून जास्त बोटीत बसून गेली. तिथे जवळच वर्कहाऊस होतं, म्हणजे निराधार गरिबांना ठेवायचे ते घर. २५ फेब्रुवारी १८४८ ला, थंडीत, मायकेल राइस नावाच्या चार वर्षांच्या अनवाणी पोराला कोणीतरी त्या दाराशी सोडलं आणि त्याच्या फाटक्या शर्टाला चिठ्ठी टाचली. ती दगडावर कोरलीय. बाप गेल्या वर्षी गेला, आई परवा बुधवारी रात्री गेली, तिला पेटीशिवाय पुरतायत, पोराला आत घेतलं नाही तर उपाशी मरेल, असं.

शेगावला पालखीच्या गर्दीत तुझ्या शर्टाला मी सेफ्टीपिनने चिठ्ठी लावली होती, नाव, पत्ता आणि लँडलाइनचा नंबर, आठवतंय? पिन टोचली म्हणून रडला होतास. मी तिथे रस्त्यावर उभी राहून रडले, बाबांना वाटलं पाय दुखतायत.

घरी येऊन बाईंना सांगितलं. त्या गप्प बसल्या, मग म्हणाल्या माझा धाकटा पर्थला आहे, सहा वर्षं झाली. मग सांगितलं की पूर्वी इथे अमेरिकेला निघालेल्या मुलामुलींसाठी आदल्या रात्री घरात वेक करायचे, म्हणजे मेलेल्या माणसासाठी रात्र जागवतात ना तसंच, नाचगाणी पण आणि रडारड पण, कारण परत दिसणार नाहीत हे आईबापांना माहीत असायचं. अख्ख्या बेटावर १८४१ ला ऐंशी लाखांवर माणसं होती, अजून तेवढी भरलेली नाहीत म्हणे. काल बरेनला जाताना छप्पर नसलेली घरं दिसली होती, आत झाड उगवलेलं, ती काय आहेत ते मला तेव्हा कळलं. मी विचारलं मुलगा परत कधी येणार. त्या म्हणाल्या मी विचारत नाही, विचारलं की तो दोन आठवडे फोन करत नाही.

तर दर रविवारी मी तुला विचारते ना, ते आता नाही विचारणार. बाबा विचारतील, त्यांचं त्यांच्यापाशी.

बाकी, बुधवारी दुपारी पोचतो आम्ही डब्लिनला. बाईंनी सोडा ब्रेड शिकवलाय, यीस्ट नाही, अंडं नाही, नुसतं कणकेत खायचा सोडा आणि ताक, वर सुरीने अधिकची खूण करायची. तेव्हा मंगळवारी रात्री दूध कोमट करून विरजण लावून ठेव. कोमट म्हणजे बोट बुडवता आलं पाहिजे, मागच्या वेळी उकळतं लावलं होतंस.

आई