दुनळीच का: किनवटला निघालेल्या मित्रास पत्र

परभणी,
पोळ्याचा दुसरा दिवस

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. किनवटच्या पुढे जंगलाला लागून घेतलेल्या साडेचार एकरांत दिवाळीनंतर एकट्याने राहायला जायचे तू नक्की केलेस, याचे मला नवल वाटले नाही. नोकरीत असल्यापासून तू हेच बोलत आला आहेस. नवल वाटले ते पत्रासोबतच्या यादीचे. एक पंपगन (पुढची मूठ मागे-पुढे ओढून काडतूस चढवायची बंदूक), एक जबर ताकदीची रायफल, ससे-तितरांसाठी एक .२२ ची हलकी रायफल आणि कमरेला रिव्हॉल्व्हर, अशी चार हत्यारे मांडून तू विचारले आहेस की यांतले आधी कोणते घेऊ.

ही यादी अमेरिकेतल्या अलास्काची आहे, हे वाचताक्षणी कळते. तिकडे ती चुकीची नाही. तिथे रानात एकट्या राहणाऱ्या माणसाला हिवाळ्याचे मांस स्वतः मिळवावे लागते, आणि वाटेत आडवे येणारे ग्रिझली अस्वल तीनशे-चारशे किलोंचे असू शकते, म्हणून तो .३०-०६ सारखी जबर रायफल किंवा बारा बोअरच्या, म्हणजे रुंद गुळगुळीत नळीच्या बंदुकीत अखंड शिशाची गोळी बाळगतो. जिवावर बेतले म्हणून अस्वल मारले तर तिथेही त्याचे कातडे आणि कवटी सरकारजमा करावी लागते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आता शिकारीचा प्रश्नच उरलेला नाही. सशावर बार काढलास तरी तो गुन्हाच आहे, म्हणून .२२ आधी खोडून टाक. तुझे पोट रेशनवर आणि आठवडी बाजारावर चालणार आहे. बंदुकीला तुझ्याकडे एकच काम असेल, ते म्हणजे जीव वाचवणे, आणि तेही वर्षानुवर्षे पडणार नाही.

त्यातही कायदा काय म्हणतो ते नीट लक्षात घे. स्वतःच्या किंवा दुसऱ्या माणसाच्या जिवाच्या रक्षणासाठी, सद्हेतूने, वन्य प्राणी मारला किंवा जखमी केला तर तो गुन्हा ठरत नाही. माणसाच्या जिवासाठी, गोठ्यातल्या वासरासाठी नव्हे. बिबट्याने वासरू ओढले तर वनखात्याकडे पंचनामा करून भरपाई मागायची. रागाच्या भरात त्याच्यामागे बंदूक घेऊन धावलास, तर पुढची काही वर्षे शेतापेक्षा न्यायालयातच जास्त जातील.

आता हत्यारांविषयी. शस्त्र कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाल्यापासून एका माणसाला दोनच बंदुका बाळगता येतात, पूर्वी तीन चालत. त्यामुळे तुझी चारांची यादी नांदेडच्या जिल्हाधिकारी कार्यालयाच्या पायरीवरच निम्मी होते. मी तर म्हणेन, दोनही नकोत. एकच घे, आणि ती बारा बोअरची दुनळी घे.

रिव्हॉल्व्हरचा मोह मला समजतो, कारण ते कमरेला राहते आणि हात मोकळे राहतात. पण आपल्याकडे परवान्यावर मिळणाऱ्या .३२ रिव्हॉल्व्हरची गोळी जेमतेम सहा-साडेसहा ग्रॅमची असते, तर बारा बोअरच्या एका काडतुसातून तीस ग्रॅमच्या आसपास शिसे बाहेर पडते. अंगावर आलेल्या अस्वलाला ती लहान गोळी लागली तरी त्याला ते कळायला वेळ लागेल, आणि तेवढा वेळ तुझ्यापाशी नसेल. शिवाय आखूड नळीने अंधारात, थरथरत्या हाताने नेम धरणे हे रोजच्या सरावाचे काम आहे, आणि तुझा सराव गोफणीपलीकडे गेलेला नाही.

रायफलीला माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे. इशापूरच्या निर्माणीची .३१५ रायफल हत्यार म्हणून खणखणीत आहे, यात वाद नाही. पण तिची चुकलेली गोळी किलोमीटर-दोन किलोमीटर पलीकडेही जीव घेऊ शकते. तुझ्या रानाच्या एका अंगाला तांडा आहे, दुसऱ्या अंगाला आंध आणि कोलाम वस्ती आहे, आणि मोह वेचायला, तेंदूपाने तोडायला माणसे पहाटेपासून जंगलात असतात. दुनळीच्या छर्ऱ्यांचा जोर थोड्या अंतरात ओसरतो. तुझ्या परिस्थितीत हा तिचा दोष नसून गुण आहे.

पंपगनविषयी तू बरेच वाचले आहेस असे दिसते. पाच काडतुसे भरता येतात हे खरे, पण घाबरलेला माणूस पंप अर्धवट ओढतो आणि काडतूस मध्येच अडकते. दुनळीत दोन नळ्या, दोन चाप आणि दोन वेगळे घोडे असतात. एक बाजू दगा देऊन गेली तरी दुसरी हाताशी राहते. ती बिजागरीपाशी दुमडून डोळ्यांसमोर धरली की भरलेली आहे की रिकामी हे कंदिलाच्या उजेडातही कळते. एकट्या माणसाला हे शेवटचे कारण सगळ्यांत मोलाचे आहे, कारण त्याची चूक दाखवून द्यायला घरात दुसरे कोणी नसते.

मात्र जुनी बंदूक आंधळेपणाने घेऊ नकोस. वडिलांची दुनळी तू पाहिली आहेस. त्यांच्या परवान्यात पीकसंरक्षणही होते. हुरड्याचे दिवस होते, गोदाकाठच्या आमच्या रानात डुकरांचा कळप शिरला होता आणि मी त्यांच्याशेजारी माळ्यावर घोंगडी पांघरून बसलो होतो. त्यांनी आकाशाकडे नळ्या करून उजवा चाप ओढला आणि दोन्ही बार एकदम उडाले. वडील मागच्या बांबूवर आदळले, माळा करकरला, बॅटरी खाली ज्वारीत पडून तिथेच जळत राहिली आणि तिच्या उजेडात ताटे हललेली मला दिसली. डुकरे पळाली, वडिलांचा खांदा आठवडाभर काळानिळा होता. कारागिराने बंदुकीचे कुलूप, म्हणजे चाप-घोड्यांची यंत्रणा, उघडून दाखवले, तेव्हा डाव्या घोड्याला अडवून धरणारा दात झिजून गुळगुळीत झालेला होता आणि उजव्या बाराच्या धक्क्यानेच डावा घोडा सुटला होता. म्हणून तुझ्या काकांची बंदूक वारसाने नावावर करून घेण्याचा विचार असेल, तर आधी ती परवानाधारक कारागिराकडून तपासून घे.

त्याच वेळी त्याला काडतुसाचे घर मोजायला सांग. जुन्या विलायती बंदुकांचे घर पुष्कळदा पासष्ट मिलिमीटरचे असते. त्यात सत्तर मिलिमीटरचे काडतूस बसते, आणि बसते म्हणूनच धोका आहे. उडताना त्याचे तोंड पुरते उघडत नाही आणि नळीतला दाब वाढतो. बहुतेक दुनळींची डावी नळी तोंडाशी आवळलेली असते, तेव्हा अखंड गोळीचे काडतूस त्या बाजूला घालायचे नाही. खरे तर तुला गोळीची गरजही नाही. उजवीकडे एसजी, ज्यात आठ-नऊ टपोरे छर्रे असतात, आणि डावीकडेही तेच ठेव. तीस मीटरच्या पुढे हे छर्रे फाकतात, पण तीस मीटरवरच्या जनावरावर तुला बार काढायचाच नाही.

आणि अस्वलाविषयी थोडे, कारण तुझी खरी भीती तीच आहे. तिकडे चैत्रात मोह गळतो तेव्हा पहाटे अस्वले झाडाखाली असतात. आपले अस्वल माणसाच्या मागावर येत नाही. अचानक समोरासमोर आले तरच दचकून अंगावर येते, आणि ते अंतर पाच-दहा पावलांचे असते. खांद्यावरची दुनळी काढून, घोडा चढवून नेम धरायला त्यात सवड नाही. तिथे घुंगरू बांधलेली काठी आणि मोठ्याने बोलत चालण्याची सवय बंदुकीहून जास्त कामाची आहे. बंदूक घरासाठी आहे, रात्री दार खडखडले तर. आणि रात्री दार खडखडवणारे, तुला माहीतच आहे, अस्वल असण्याचा संभव कमी.

परवान्याचे मात्र आजच मनावर घे. तुझी जमीन पैनगंगा अभयारण्याच्या हद्दीपासून पाच-सहा किलोमीटरवर आहे असे तू लिहितोस. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवा परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमती लागते, आणि ते कागद फिरायला वेळ घेतात. अर्जात स्वसंरक्षण हे कारण दे आणि वीस इंचांहून आखूड नसलेल्या गुळगुळीत नळीची बंदूक, असे स्पष्ट लिही. शस्त्र कायद्यात अशा बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे आणि रायफल-रिव्हॉल्व्हरच्या मानाने तिला कमी आडकाठी होते. वैद्यकीय दाखला आणि शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला लागेल. परवाना मिळाला की पाच वर्षे चालतो.

एक गोष्ट तू विचारली नाहीस. तू पेन्शनसाठी नांदेडला आलास, दोन दिवस लेकीकडे राहिलास, तर मागे ओसाड झोपडीत बंदूक कोण राखणार? चोरीला गेली तर जबाब तुलाच द्यावा लागेल, आणि ती कोणाच्या हाती पडली या विचाराने झोप लागायची नाही. भिंतीत पक्की बसवलेली लोखंडी पेटी आधी कर, काडतुसे दुसऱ्या कुलपात ठेव, आणि मोठ्या मुक्कामाला जाताना बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घे. निवडणुकीच्या दिवसांत ती तशीही जमा करायला सांगतात, तेव्हा सवय झालेली बरी.

काकांची बंदूक त्यांच्या मुलाच्या परवान्यावर असेल, तर त्यालाच घेऊन ये. ती तू एकट्याने घेऊन निघू नकोस. पुढच्या आठवड्यात मी घरीच आहे. आपल्या ओळखीच्या कारागिराशी बोलून ठेवतो. येताना उजवा कोपर वाकवून, कोपराच्या वळणापासून तर्जनीच्या टोकाकडच्या पहिल्या सांध्यापर्यंतचे अंतर टेपने मोजून कागदावर लिहून आण. दस्ता लांब पडत असेल तर तेवढा कापून घेता येईल.

तुझा,
बालमित्र